'सवय' की 'संस्कार'?

धंतोलीकर: बी.एड.च्या मुलांसाठी अ‍ॅरिस्टॉटलवरचं टिपण मराठीत करतेय. त्याच्या मते नैतिक सद्गुण उपजत नसतात, सवयीने अंगी बाणतात. न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो. मी 'सवय' लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी सगळीकडे 'संस्कार' केलं. म्हणे, सवय चहाचीही असते. काय ठेवू?

महालकर: सरांचं बरोबर आहे. सवय लागते, संस्कार होतात. घडवणं त्यातच आलं.

इंदोरा: 'होतात' इथेच माझा आक्षेप. संस्कार करणारा दुसराच कुणी असतो. इथे माणूस स्वतः वागून घडतोय. 'शील' घ्या ना. सहनशील, विचारशील म्हणजे सवयच की! विहारात आजी आम्हाला पंचशील म्हणायला लावायची, 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि', म्हणजे जीवहिंसेपासून दूर राहण्याचा नियम मी घेतो. क्रियापद बघा, 'मी ग्रहण करतो'. आणि नियमाचं नावच सिक्खापद, शिक्षापद. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे नागपुरात 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यातही बोलणारा 'मी'च आहे.

महालकर: मान्य, पण आज 'शील' म्हटलं की लोकांना बाईचं शील आठवतं. विद्यार्थी तोच अर्थ घेतील.

इंदोरा: मग शब्द टाकून द्यायचा? अर्थ लोकांनी आक्रसवला, शब्दाने नाही.

जुनी मास्तरीण: 'वळण' का नको? आमच्याकडे सरळ म्हणतात, "पोट्ट्याले वळण नाही." मूल्यशिक्षण आलं तेव्हा भिंतीवर दहा मूल्यं रंगवली. 'स्त्री-पुरुष समानता'च्या खालीच मुली वर्ग झाडायच्या, मुलं मैदानात. मी पाळी लावली, झाडू मुलांच्याही हाती दिला. आधी पालक भांडायला आले, मग कुणी काही बोलेना. भिंतीने जे शिकवलं नाही ते झाडूने शिकवलं. याला 'सवय' म्हणायला मला अजिबात कमीपणा वाटत नाही.

वऱ्हाडी: 'नीट' हा 'नीती'वरूनच आला असणार. नीट वाग म्हणजे नीतीने वाग.

महालकर: ओढूनताणून व्युत्पत्ती नको. 'नीती' 'नी' धातूवरून, नेणे. नेता, नय त्याच घरातले. 'नीट'साठी पुरावा द्या.

वऱ्हाडी: बोलीत पुरावा कानाचा असतो, बाप्पा.

महालकर: कान कोशात चालत नाही.

धंतोलीकर: टिपण उद्या द्यायचंय. 'सवय' ठेवते, आणि शीलावर तळटीप देते.

इंदोरा: तळटीपेत नको. मजकुरात घ्या.