जर्मनीला गेलेल्या सिस्टर आणि मागे राहिलेला वॉर्ड

रात्रपाळी: ‘आपल्या नर्सेस जर्मनीला जातात हेच खरं आंतरराष्ट्रीय सहकार्य, जगाचंही भलं आणि आपलंही’ अशी पोस्ट काल वाचली. नाइट करून आले होते, तरी झोप लागली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालात जगभरात 59 लाख नर्सेस कमी होत्या. त्यातला 89 टक्के तुटवडा गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत. माणसं तिथूनच उचलायची आणि त्याला सहकार्य म्हणायचं? आमच्या वॉर्डातून वर्षभरात तिघी गेल्या. आता रात्री 46 पेशंट आणि आम्ही दोघी.

श्टुटगार्टकर ब्रदर: ताई, राग आमच्यावर का? जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून 12 हजारांवर राबलो. बी-टू या भाषेच्या पातळीपर्यंत जर्मन शिकलो, इथे परत परीक्षा दिली. बहिणीचं लग्न याच पगारातून झालं.

मंदाकाकू: बारा तरी मिळाले! माझ्या लेकीची ओरिजिनल सर्टिफिकेटं हॉस्पिटलने बाँडच्या (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराच्या) नावाखाली अडकवली. सोडायला दीड लाख मागितले. आधी यावर बोला.

सलाइन: आमच्याकडेही तेच. गरोदरपणातही सुट्टी मिळेना, राजीनामा दिला तर कागद मिळेनात.

मंदाकाकू: पोरी पळणार नाहीत तर काय करतील?

रात्रपाळी: काकू, मान्य. पण धागा बाँडचा नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या भरतीविषयक आचारसंहितेत तुटवड्याच्या देशांतून सक्रिय भरती टाळा असं म्हटलंय. पण ती ऐच्छिक, म्हणून पाळतं कोण?

श्टुटगार्टकर ब्रदर: म्हणजे आम्ही तिथेच सडायचं? इथे पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं आमचंच काम, तिकडे ते नातेवाईक आणि मावशी करतात. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, कशी टाळायची हे मी इथे शिकलो.

रात्रपाळी: मग ते आमच्या वॉर्डात कधी पोचणार? रवांडात 2012 पासून अमेरिकन विद्यापीठांच्या नर्सिंग प्राध्यापिका तिथे राहून शिकवत होत्या. त्याला मी सहकार्य म्हणेन. शिकवणारा इकडे आला पाहिजे.

श्टुटगार्टकर ब्रदर: डिसेंबरात गावी येतोय. शिकवायला चार दिवस देतो. मेट्रनची परवानगी काढा.

रात्रपाळी: काढते. पण त्या पोस्टशी सहमत झाले असं समजू नका.

मंदाकाकू: आणि सर्टिफिकेटांचं?