नववीत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा करू द्यावी की तबल्याची मध्यमा?

कराडची_आई

नमस्कार. मुलगा यंदा नववीत गेलाय. स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. चौथीपासून तबल्याला जातो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण अशा तीन परीक्षा झाल्यात. मागच्या वर्षी शाळेनं चित्रकलेच्या एलिमेंटरीला, म्हणजे इंटरमिजिएटच्या आधीच्या परीक्षेला, बसवलं होतं, त्यात 'ब' श्रेणी मिळाली.

आता गणित-विज्ञानाची शिकवणी लागलीय, रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ. उरते ती शनिवारची दुपार. शाळेतला इंटरमिजिएटचा वर्ग शनिवारी दुपारी आणि तबल्याच्या गुरुजींची मध्यमेची बॅचही नेमकी तेव्हाच. दोन्हींतलं एक निवडा, असं झालंय.

ह्यांचा हिशेब सरळ आहे. तबल्याच्या तीन परीक्षा झाल्या म्हणजे दहावीला १० गुण हातात आहेत, मध्यमा प्रथम आणि मध्यमा पूर्ण झाली की १५ होतील. इंटरमिजिएटला अगदी 'अ' श्रेणी आणली तरी ७च. मग शनिवार चित्रकलेला का घालवायचा? हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पुढे अकरावीच्या यादीत एकेक गुण मोजला जातो, हे मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही बघितलंय.

पण मला घरात दिसतं ते वेगळं. तबल्याच्या वहीत डाव्या पानावर बोल लिहिलेले असतात आणि उजव्या पानावर चित्र. एस.टी.चं पुढचं तोंड, फलाटावर गाठोड्याला टेकून बसलेली म्हातारी, असलं काहीतरी. परवा मी चपात्या लाटत होते, तर ओट्याशेजारी उभा राहून माझे हात काढले. माझी उजवी करंगळी लाटण्यावर टेकत नाही, लहानपणी भाजली तेव्हापासून ती जरा बाहेरच राहते. त्यानं ती तशीच काढली होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही ते.

तबला त्याला आवडत नाही असंही नाही. काय करावं? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा.

दहावीचा_बाप

ताई, आधी गुणांचं नीट सांगतो. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणीला ७, 'ब'ला ५, 'क'ला ३. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर १०, पाच असतील तर १५. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा हिशेब बरोबर आहे.

पण हे गुण आपोआप मिळत नाहीत. दहावीच्या वर्षात शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जावा लागतो. माझ्या मुलीची गायनाची सगळी प्रमाणपत्रं होती. एका प्रमाणपत्रावर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव नव्हतं, शाळेनं ते बाजूला ठेवलं, आम्हाला कुणी कळवलं नाही आणि मुदत गेली. निकालाच्या दिवशी कळलं. पोरगी दिवसभर जेवली नाही. म्हणून आत्ताच तिन्ही प्रमाणपत्रं काढा, शाळेच्या रजिस्टरातल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.

डग्गा_सांगली

मी तबला शिकवतो, तेव्हा माझ्या बाजूचं बोलतो. १५ गुणांसाठी मध्यमा घाईघाईत उरकू नका.

प्रवेशिकेपर्यंत मूल पाठांतरावर निभावून नेतं. मध्यमेला ते चालत नाही. 'धा धा ते टे धा धा तू ना' हा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची मूळ रचना, तुमच्या मुलाला येतच असेल. परीक्षकासमोर त्याचे पलटे, म्हणजे तेच बोल फिरवून केलेले प्रकार, मूळ लयीत आणि दुप्पट लयीत सफाईनं वाजवायचे, तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, वर हातावर ताल देऊन ठेके म्हणून दाखवायचे. लेखी पेपर असतो तो वेगळाच. बोटं तयार नसताना वेग वाढवला की 'ते टे' चिकटून वाजायला लागतं आणि ती खोड मोडायला पुढे दोन वर्षं जातात. माझ्याकडे अशी मुलं येतात, मला वाईट वाटतं.

गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. या सत्रात नाही दिली तर पुढच्या सत्रात देता येते. गुरुजींना सरळ जाऊन विचारा की रविवारी सकाळी अर्धा तास द्याल का. बॅच नको, अर्धाच तास, पण एकट्याला. आणि रोज वीस मिनिटं घरी हात बसवू दे, शिकवणीला जायच्या आधी. शिकवणारा माणूस याला नाही म्हणत नाही.

चित्रकलेच्या_बाई

ताई, मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तुमच्याच सातारा जिल्ह्यात. तुम्ही करंगळीचं लिहिलंत ते मी तीनदा वाचलं.

गुणांना मी कधी नावं ठेवत नाही. खेड्यातल्या पोरांना त्या पाच-सात गुणांनी हवं ते कॉलेज मिळालेलं मी पाहिलंय. पण इंटरमिजिएट म्हणजे काय, हे पालकांना कुणी सांगतच नाही, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

कला संचालनालयाची ही परीक्षा चार भागांची. स्थिरचित्र म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू, स्मरणचित्र म्हणजे आठवणीतून काढायचं दृश्य, संकल्पचित्र म्हणजे नक्षीची रचना आणि चौथा भाग भूमिती, घनभूमिती व अक्षरलेखनाचा. पालकांना वाटतं, मुलाचा 'हात चांगला' आहे म्हणजे झालं. हात नंतर येतो हो. आधी डोळा.

एक तांब्या घ्या. टेबलावर ठेवा आणि मुलाला समोर बसवून काढायला सांगा. दहातली नऊ मुलं तांब्याचं तोंड लंबगोल काढतात, दोन्ही टोकं होडीसारखी टोकदार करतात आणि तळाला सरळ रेघ ओढून मोकळी होतात. का? तांब्या सपाट जागेवर ठेवलाय हे त्यांना माहीत असतं म्हणून. माहीत असलेलं काढतात, दिसतंय ते काढत नाहीत. आता डोळा तांब्यापेक्षा वर आहे. तोंड डोळ्याच्या पातळीला जवळ, म्हणून ते चपटं दिसतं. तळ पातळीपासून लांब, म्हणून तिथली गोलाई तोंडापेक्षा जास्त भरते. हे मी फळ्यावर शंभरदा समजावलं तरी उपयोग होत नसे. मग मी मुलांना उठवायची. एकेकानं बाकावर उभं राहून तांब्या बघायचा, मग जमिनीवर मांडी घालून बघायचा. खाली बसलं की तोंड मिटत मिटत रेघ होतं. 'बाई, मिटलं!' म्हणून एक मुलगा ओरडला होता, अजून कानात आहे. त्या दिवसानंतर त्यानं परत कधी सरळ तळ काढला नाही.

तुमचा मुलगा हे शिकवायच्या आधीच करतोय. करंगळी बाहेर आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

स्मरणचित्रात बहुतेकांची श्रेणी घसरते. विषय साधे असतात, बाजार, बसस्टँड, सण, खेळ. आणि क्लासमधून मुलं काय शिकून येतात? पाठ केलेली माणसं! तोच फुगेवाला, तीच डोक्यावर पाटी घेतलेली बाई, विषय कुठलाही असो. मी शनिवारी वर्ग सुटला की चार-पाच जणांना घेऊन स्टँडवर बसायची. वही उघडायची नाही, नुसतं बघायचं. उजव्या हातात जड बादली घेतलेला माणूस कुठे कलतो? डावीकडे. डावा हात अंगापासून लांब जातो. हे एकदा दिसलं की घरी जाऊन काढलेल्या माणसाच्या हातातली बादली भरलेली वाटते. आधी ती रिकामीच असते.

भूमितीला मुलं कंटाळतात, पण शिकवणीचं गणित आणि हे वेगळं नाही. घनभूमिती मनात उभी राहिली की विज्ञानाच्या आकृत्या आपोआप सुधारतात. संकल्पचित्राबद्दल फार लिहीत नाही, रंगसंगतीचा सराव आणि स्वच्छ काम, बस्स. फक्त बाजारातल्या पुस्तकातली नक्षी गिरवू देऊ नका.

आणि एक करा. कराडहून औंध लांब नाही. एका रविवारी त्याला यमाईच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय दाखवा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, त्यांनी १९३८ साली ते उभारलं. राजा रविवर्म्यांची 'सैरंध्री', म्हणजे मनाविरुद्ध कीचकाकडे जावं लागलेली द्रौपदी, तिथे आहे. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. मी दर वर्षी मुलांना न्यायची. पहिल्या वर्षी सगळी दालनं फिरवली आणि मुलं दमली. पुढच्या वर्षीपासून एकच चित्र निवडायचं आणि त्याच्यासमोर पंधरा मिनिटं बसायचं, असा नियम केला. सैरंध्रीसमोर एक मुलगी म्हणाली, 'बाई, हिला जायचं नाहीये.' गोष्ट तिला माहीत नव्हती. नुसत्या उभं राहण्यावरून तिनं ओळखलं.

माझं मत विचाराल तर शनिवार चित्रकलेला द्या. परीक्षा बहुधा सप्टेंबरच्या आसपास असते, म्हणजे प्रश्न तीन-चार महिन्यांचाच आहे. तबला बंद करू नका, वर सरांनी सांगितलंय तसं रविवारी चालू ठेवा. १० गुण कुठे जात नाहीत. मध्यमा हात तयार झाल्यावर द्या, मग ती दहावीच्या आधी होवो की नंतर.

बीएफए_तिसरं_वर्ष

बाईंचं सगळं पटलं. एक माहिती जोडतो. पुढे मुलाला याच वाटेनं जायचं असेल तर बारावीनंतर बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, चार वर्षांची. त्यासाठी राज्याची कला सीईटी असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र आहेच. म्हणजे नाव बदलून बरंचसं तेच. माझ्या वर्गात ज्यांनी इंटरमिजिएट मनापासून केली होती त्यांना सीईटीसाठी वेगळा क्लास लावावा लागला नाही. मी नववीत ती नुसती उरकली होती, मला बारावीत वर्षभर पुन्हा तांब्यापासून सुरुवात करावी लागली.

कराडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दहावीचे_बाप दादा, तुमच्यामुळे प्रमाणपत्रं काढून बघितली. प्रवेशिका प्रथमच्या प्रमाणपत्रावर आडनावात 'ळ'च्या जागी 'ल' पडलाय. उद्याच गुरुजींकडे नेते. तुमच्या मुलीचं वाचून फार वाईट वाटलं.

बाईंचं उत्तर मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर स्वतःच उठले, फळीवरचा पितळी तांब्या काढला, टेबलावर ठेवला आणि जमिनीवर बसून बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "मिटतंय की रे खरंच." शनिवारी शाळेत जायचं ठरलंय. गुरुजींनी रविवारी साडेसातची वेळ दिली, वर म्हणाले की अर्धा कशाला, पाऊण तास ये.

बाई, त्यानं आज तांब्या आणि दोन वांगी काढलीत. फोटो टाकते. मला त्यातलं कळत नाही, पण तळ गोल काढलाय एवढं दिसतं.

चित्रकलेच्या_बाई

पाहिलं. तळ छान भरलाय. वांग्याचा देठ तर फारच मन लावून काढलाय, काटेसुद्धा.

त्याला सांगा, खिडकी डावीकडे आहे, म्हणून तांब्याची सावली उजवीकडे टेबलावर पडलीय, ते बरोबर. पण त्याच सावलीच्या वाटेत वांगं आहे. सावली वांग्याखालून गेल्यासारखी दिसतेय. ती वांग्यावर चढायला हवी आणि त्याच्या गोलाईबरोबर वाकायला हवी. उद्या त्याच वेळेला, त्याच खिडकीपाशी परत मांडा. वांगी मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की पाणी सुटतं आणि चमक बदलते.