मॅक्सिमा नापास? जरा थांबा

मॅथेमॅटिका, मॅक्सिमा आणि सिमपाय या बीजगणित सोडवणाऱ्या तीन सॉफ्टवेअरना इंटिग्रलं सोडवायला देऊन तुम्ही वर तक्ता दिलाय, त्यात मॅथेमॅटिका पहिली आणि मॅक्सिमा 'उत्तर नाही' म्हणून बाद. तक्ता मेहनतीचा आहे, पण निकाल मला पटला नाही.

एक्सच्या एनव्या घाताचं इंटिग्रल घ्या. मॅथेमॅटिका सरळ नेहमीचं सूत्र देते, एनची किंमत उणे एक असेल तर काय याचा विचारच नाही. सिमपाय दोन्ही शक्यता मांडते, उणे एकसाठी लॉग वेगळा. मॅक्सिमा उलट तुम्हालाच विचारते, 'एन उणे एक आहे का?' आणि उत्तराची वाट बघते. तुमची स्क्रिप्ट (चाचण्या आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) तिथेच अडकली असणार. आधी अझ्यूम (गृहीतक सांगायची आज्ञा) लिहून द्या, मुकाट्याने उत्तर देईल. तिघींत सर्वांत बेफिकीर कोण, हे तुम्हीच ठरवा.

एक्स-वर्गाच्या मुळाचंही तसंच. मॅक्सिमा एक्स वास्तव धरून त्याचा मापांक (चिन्ह सोडून किंमत) देते, बाकीच्या दोघी संमिश्र धरतात म्हणून तसंच ठेवतात. गृहीतकं सारखी नसतील तर तुलना कसली?

आणि उत्तरं अक्षराला अक्षर जुळवू नका हो. साइन-कॉसच्या गुणाकाराचं इंटिग्रल कुणी साइन-वर्गात देईल, कुणी कॉस-वर्गात. फरक फक्त स्थिरांकाचा. डिफरन्शिएट करून तपासा. इथे नाशिकला आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचे पेपर तपासतानाही आम्ही एवढी सवलत देतोच की!

वेळ मोजताना सिमपायची कॅशे (आधीची उत्तरं साठवून ठेवलेली जागा) आधी रिकामी करा, नाहीतर दुसऱ्या फेरीचा आकडा फसवा येतो. स्क्रिप्ट इथे टाकलीत तर मीही चालवून बघतो.