देवबागला घर बांधायचं चाललंय, समुद्राचं काय करायचं?

खानापूरकर
मंडळी, एक विचारायचं होतं. मावसभाऊ मालवणजवळ देवबागला असतो, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मधी चिंचोळी पट्टी. जुनं घर पाडून पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या म्हणालाय आणि आम्ही बी थोडे पैसे घालूया असं घरात चाललंय. पण 2021 च्या तौक्ते वादळाचं आठवलं की आईला भीती वाटते. तिथली लोकं म्हणालेत दगडी बंधारा झाला की टेन्शन नाही. खरंच का?

मूळचा कारवारचा, आता टिळकवाडी
बंधाऱ्यानं मागचं घर काही वर्षं वाचतं, पुळण म्हणजे समोरचा वाळूचा किनारा वाचत नाही. लाट दगडावर आपटून परत जाताना वाळू ओढून नेते आणि भिंत जिथं संपते तिथं धूप वाढते, मग पुढचा शेजारी बी बंधारा मागतो, हे काय थांबतच नाही. त्यापेक्षा समोरची वाळूची टेकाडं, मर्यादवेल, केवडा तसंच ठेवायचं आणि खाडीकडची खारफुटी तोडायची नाही, पण लोकं व्ह्यू पाहिजे म्हणून तेच आधी साफ करतात!!

बळ्ळारी नाला
आपल्याकडं बेळगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात शहापूर-येळ्ळूरच्या भातात शिरतंय ते अडवता येईना, आणि तुम्ही समुद्र अडवायला निघालाय 😀

निपाणीवाला
हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा तोच आहे. किनाऱ्यावरचा पूर नुसता समुद्रातनं येत नाही, घाटातनं बी येतो. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वर घाटात तुफान पाऊस, वाशिष्ठी गाळानं भरलेली, त्यात भरती, मग पाणी जाणार कुठं? कारवारकडं 2019 ला कद्रा धरणातनं पाणी सोडलं तेव्हा काळी नदीकाठची गावं पाण्यात गेली. आपण चिकोडी-निपाणीवाले कोयनेचा विसर्ग किती, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावर पाणी किती हे बघूनच जनावरं हलवतो. तसंच किनाऱ्यावरच्या गावानं धरणाचा विसर्ग आणि भरतीची वेळ एकत्र बघून निर्णय घ्यायला पाहिजे, ओहोटीत पाणी सोडलं तर निम्मा त्रास वाचतो. आणि पावसाआधी गटारं-व्हाळ मोकळे, भराव टाकून प्लॉट पाडणं बंद. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळेत पडला तरी खूप झालं.

खानापूरकर
बरोबर आहे, पण ते गावाचं झालं. भावाला काय सांगू? पैसे घालायचे की नाही?

मूळचा कारवारचा, आता टिळकवाडी
आधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमांचं बघा. 2019 च्या नियमात गावांसाठी भरतीरेषेपासून दाट वस्ती असेल तर 50 मीटर, विरळ असेल तर 200 मीटर बांधकामबंदीचा पट्टा आहे, खाडीचं अंतर वेगळं मोजतात, आणि जुन्या घराची दुरुस्ती वेगळी, नवीन खोल्या वेगळ्या. नकाशात प्लॉट कुठं पडतो ते बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. परवानगी मिळालीच तर जोतं उंच घ्या, मीटर-स्विचबोर्ड छातीच्या वर. संडासाची टाकी विहिरीपासून लांब, वाळूत घाण लगेच झिरपते. समुद्राची पातळी जगभरात वर्षाला साधारण 3-4 मिलिमीटर वाढालीय, ऐकायला थोडं वाटतं पण खारं पाणी जमिनीखालनं विहिरीत आधी येतं. भावाला विचारा मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं काय. लागत असेल तर पर्यटकांना प्यायला कुठनं देणार ते आधी ठरवा, खोल्या नंतर.