'स्कॅम १९९२' : गोष्ट हर्षदची की सुचेता दलालांची?

महालकर : हन्सल मेहतांची ही दहा भागांची मालिका (ऑक्टोबर २०२०) परवा पुन्हा पाहिली आणि पहिल्यापेक्षा जास्त राग आला. शेअर दलाल हर्षद मेहताच्या बँक घोटाळ्याची बातमी २३ एप्रिल १९९२ ला टाइम्स ऑफ इंडियात फोडली पत्रकार सुचेता दलाल यांनी. मालिका उभी आहे ती त्यांच्या आणि देबाशिष बसूंच्या पुस्तकावर. अन् नागपुरात बर्डीवरच्या पोरांच्या मोबाइलवर रिंगटोन कोणाची, तर हर्षदची! माझ्या आत्याचे पैसे एका पतसंस्थेत बुडाले. तिच्या पासबुकात दर तिमाहीचं व्याज नीट छापलेलं होतं, पैसा तेवढा नव्हता. तिथला अध्यक्षही असाच उमदा बोलायचा. अशा माणसाला टाळ्या मिळाल्या की माझ्या पोटात कालवतं.

इतवारी_कापडवाला : भाऊ, राग समजतो, पण मुद्दा पटला नाही. मोह दाखवलाच नाही तर लोक काहून फसले हे कळणार कसं? त्या साली माझे वडील गिऱ्हाईक सोडून एसीसी या सिमेंट कंपनीचा भाव विचारत बसायचे. दोनशेचा शेअर नऊ हजारांवर गेला होता. वडील काही मूर्ख नव्हते. प्रतीक गांधींनी साकारलेला हर्षद आवडतो, तेव्हाच कळतं की त्या गर्दीत आपणही असतो.

निवृत्त_हिशेबनीस : तुम्ही दोघं माणसांवर भांडताय, कागदावर कोणी बोलत नाही. हर्षदने वापरलेल्या रेडी फॉरवर्ड व्यवहारात एक बँक दुसरीला सरकारी रोखे थोड्या दिवसांसाठी विकते आणि परत घेते. प्रत्यक्ष रोखे हलत नसत, फक्त रोखे विकल्याची पावती, म्हणजे बँक रिसीट, हलायची, आणि हर्षदसारख्या मधल्या दलालाच्या खात्यात चेक जमा व्हायचा; तो पैसा शेअर बाजारात जायचा. बँक ऑफ कराडसारख्या लहान बँकांनी हाती रोखे नसताना रिसीटा दिल्या. हे मुंबईचं म्हणून सोडू नका. आपल्या नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचा २००२ चा घोटाळा आठवा : सरकारी रोख्यांसाठी दलालांकडे दीडशे कोटींच्या घरात पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. खालच्या कोर्टाचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला.

महालकर : हेच म्हणतो जी! ही रिसीट कोणीतरी खणून काढली म्हणून आपल्याला कळली. ते खणणं मालिकेत दुय्यम झालं.

इतवारी_कापडवाला : दुय्यम कसं? मालिका सुरूच होते ती टाइम्सच्या कार्यालयात घाबरत आलेल्या स्टेट बँकेच्या माणसापासून. बँकेतून गायब झालेले पाचशे कोटी हा आकडा उच्चारताना त्याचा जीव जातो. हर्षद नंतर येतो.

महालकर : तो प्रसंग मान्य, शंभर टक्के. आत्याच्या पतसंस्थेतही असा एक कारकून होता. स्लिप भरताना मान वर न करता म्हणाला, "मावशी, ठेव मोडून घ्या." मी तिथंच उभा होतो. व्याज जाईल म्हणून मीच नको म्हटलं. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा शटर खाली होतं. तो कारकून पुन्हा दिसला नाही.