चीनच्या बादशहांचे पूर्वज: खरे किती, मागाहून जोडलेले किती?

आंबेवाला, देवगड:
परवा घरी म्हाळ होता. भटजींनी वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं विचारली आणि पणजोबांपाशी काकांची गाडी अडली. शेवटी माळ्यावरच्या आंब्याच्या हिशेबवहीत नाव सापडलं, निम्मं वाळवीनं खाल्लेलं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा पोर. 1368 मध्ये गादीवर बसला आणि मागच्या चार पिढ्यांना बादशहापद देऊन मोकळा झाला. खापरपणज्याचं नाव त्याला मिळालं कुठून? की जोडलं?

खाडीपलीकडचा:
मला तरी खरं वाटतं, कारण ती नावं कसली, आकडेच आहेत. बाप 'पाच-चार', आजा 'प्रतिपदा', पणजा 'चार-नऊ', खापरपणजा 'शंभर-सहा'. हा स्वतः 'दोन आठ'! खोटी वंशावळ रचायची तर माणूस एखादा सेनापती शोधील, 'शंभर-सहा' कशाला शोधील? 1344 मध्ये दुष्काळ आणि साथीत आईबाप गेले, तेव्हा पुरायला जमीन नव्हती, ती एका शेजाऱ्यानं दिली. पुढे त्याच जागी मोठी समाधी बांधली. तिथल्या शिळेचा मजकूर 1378 मध्ये त्यानं स्वतः लिहिला आणि ही गरिबी त्यात लपवली नाही.

सावंतवाडीचो:
जोडलेले होये तर तांग घराणा बघा. 618 मध्ये गादी गावली, आडनाव ली. लाओत्से म्हणजे चीनचो जुनो तत्त्वज्ञ, तेचा आडनाव पण लीच सांगतत. झाला, तो मूळपुरुष! 666 मध्ये तेका बादशहाची पदवी पण दिल्यानी. आणि संस्थापकाची खरी आवस श्यानबेई घराण्यातली, उत्तरेकडच्या घोडेस्वारांच्या वंशातली. तिचा कोण सांगता? आमच्या वाडीत पण तसाच, जमीन वाटूची येळ इली की खयसून खयसून भावकी उगवता.

दत्तकपुत्र:
छाव थंगला विसरू नका. हा चीनच्या हान घराण्याच्या दरबारातला खोजा. त्यानं दत्तक घेतलेल्या मुलाचा मुलगा म्हणजे सेनापती छाव छाव, ज्याच्या वंशजांनी पुढे वेई राज्य चालवलं. 229 मध्ये त्याच वंशातल्या वेईच्या बादशहानं या खोज्यालाही मरणोत्तर बादशहा केलं. सख्खा नसला म्हणून काय झालं, पिंडाला नाव लागतंच ना.

आंबेवाला, देवगड:
'शंभर-सहा' काकांना वाचून दाखवलं. ते उठून वही घेऊन आले. आमच्या पणजोबांच्या अर्ध्या नावापुढेही आकडाच आहे: 'करंड्या 12, येणे बाकी'.