लेन-इशारा: ‘बंद’, ‘थांबलेला’ की ‘बिघडलेला’?

(तीन गावच्या गॅरेजवाल्यांचं बोलणं)

हिंगणघाट : गिऱ्हाईक म्हणतं, “लाइनवाला अलार्म वाजून नाही राहिला.” जॉबकार्डावर सरसकट ‘लेन सिस्टीम बंद’ लिहिलं जातं. गाडी लेनचा पट्टा ओलांडू लागली की वाजणाऱ्या या यंत्रणेला ‘मार्गिका-विचलन इशारा’ हा शब्द बरोबर आहे, पण तोंडी बसत नाही. काय लिहावं?

मूर्तिजापूर : नाव ‘लेन-इशारा’ पुरे. खरा घोळ ‘बंद’ या शब्दात आहे. बटणानं घालवला तोच ‘बंद’. यंत्रणा चालू असून गप्प असेल तर ‘थांबलेला’ लिहा. बऱ्याच गाड्यांत इशारा ताशी 60 किमीच्या आसपास जागा होतो, आणि इंडिकेटर दिला की मुद्दाम वाजत नाही. गावरस्त्याला पट्टेच नसतील तर कॅमेऱ्यानं पाहावं काय? पिवळा दिवा लागून राहिला आणि स्कॅनरवर (गाडीतला बिघाड वाचायच्या यंत्रावर) बिघाडाचा कोड आला, तर ‘बिघडलेला’. बिघाड समजून कॅमेरा बदलायला निघण्याआधी हा फरक कागदावर हवाच.

पुसद : भाऊ, ‘झाकलेला’ हाही शब्द ठेवा. आरशामागे, काचेच्या आत कॅमेरा असतो. त्याच्यासमोर काळ्या मातीचे शिंतोडे किंवा झिजलेल्या वायपरचा ओघळ आला की पट्टा दिसत नाही. बाहेरून काच सगळेच पुसतात. आतला धुरकट थर तसाच राहतो. कव्हर काढून काच पुसायची, लेन्सला बोट लावायचं नाही.

हिंगणघाट : आणि पुढची काच बदलल्यावर गाडी लेनच्या मधोमध असताना वाजतो, कोड मात्र नाही, त्याला?

पुसद : ‘नेम चुकलेला’. कॅमेरा एक अंश आडवा फिरला तरी 50 मीटरवर सुमारे 87 सेंटिमीटरची चूक होते. महामार्गाची लेनच 3.5 मीटरची. याला ‘दुरुस्ती’ म्हणू नका, ‘कॅलिब्रेशन’च (कॅमेऱ्याचा नेम पुन्हा जुळवणं) लिहा, कारण पार्ट बदलायचा नसतो. आधी टायरची हवा नेमकी करा, डिकीतली खताची पोती उतरवा, अलाइनमेंट तपासा. मग कंपनीच्या पद्धतीनुसार सपाट जमिनीवर टार्गेट बोर्ड लावून, नाहीतर समृद्धीसारख्या ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर चालवून नेम जुळवा. तेव्हा स्कॅनर शेजारच्याच्या हातात असावा. जागेवर करताना बॅटरीला चार्जर जोडा. व्होल्टेज पडलं की काम अर्ध्यात तुटतं.

मूर्तिजापूर : कोड असला तरी सगळे ‘बिघडलेले’ एका जातीचे नसतात. कोड ‘यू’नं सुरू झाला तर ‘संपर्क तुटला’ लिहा. फ्यूज, कॅमेऱ्याचा कनेक्टर, मग वायरिंग, या क्रमानं पाहा. पऱ्हाटीच्या गंजीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरानं कुरतडलेली वायर आधी शोधा. बॅटरीची तार काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथं स्कॅनर जोडतो त्या) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत 60 हवेत. 120 आले तर या संपर्काच्या लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर सुटलाय किंवा मधे तार तुटलीय. मोजलेला आकडा जॉबकार्डावर लिहा, म्हणजे पुढच्याला पुन्हा डॅशबोर्ड उघडावा लागणार नाही.